इंचाला मिलिमीटर: नागपुरात बसून १९६० च्या दशकातली ड्रॅग कार बनवताना

जुन्या ड्रॅग रेसिंग गाडीचं मॉडेल पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी ती मुद्दाम विचित्र दिसावी म्हणून बनवली असणार. नाक वर, मागची चाकं धिप्पाड, पुढची हडकुळी, बॉनेट कापून इंजिनाने डोकं बाहेर काढलेलं. प्रत्यक्षात त्या गाडीवर निव्वळ शोभेचं फार थोडं असतं. उभ्या जागेवरून सुटायचं आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत दुसऱ्याच्या आधी गाठायचं, एवढ्या एका कामासाठी ती कापलेली आणि जोडलेली असते. कोणती गोष्ट कशासाठी आहे हे माहीत असलं, की मॉडेलवर ती किती उचलायची, किती कापायची आणि काय सरळ टाकून द्यायचं, हे किटच्या कागदाला विचारावं लागत नाही. माहीत नसलं, तर महागड्या किटमधूनही खेळणंच निघतं.

हा लेख पहिलंच मॉडेल करणाऱ्यांसाठी आहे. घरात एअरब्रश नाही, वेगळी खोली नाही, डोक्यावर पंखा आणि खिडकीत कूलर आहे, असं गृहीत धरतो.

आधी वहीत एक साल लिहा

‘साठच्या दशकातली’ असं मोघम नको. १९६१ लिहा किंवा १९६५ लिहा. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, सुरू केली. त्यानंतरची वीसेक वर्षं या गाड्यांचा चेहरा दर दोन-तीन हंगामांत बदलत गेला. क्रायस्लरचं ३९२ घनइंची हेमी (अर्धगोल दहनकक्षाचं) इंजिन १९५७-५८ चं, तर ४२६ हेमी आलं १९६४ मध्ये. त्यामुळे १९६१ च्या म्हणवणाऱ्या गाडीत ४२६ बसलेलं दिसलं, की जाणकार पुढचं काही बघतच नाही. गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी करून छोटा देखावा करायचा असेल तर तिथेही साल आडवं येतं. उभ्या खांबावरचे दिवे, ज्याला तिकडे ख्रिसमस ट्री म्हणतात, ते १९६३ पासूनचे. त्याआधी झेंडा हलवणारा माणूस लागायचा.

प्रकार दोन डोळ्यांसमोर ठेवा. पहिला स्लिंगशॉट ड्रॅगस्टर: नळ्यांचा लांब सांगाडा, इंजिन पुढे आणि ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागे. ही मांडणी १९५४ मध्ये मिकी थॉम्पसनने आणली असं मानलं जातं. तिचा शेवट कशामुळे झाला तेही नोंदलेलं आहे. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ट्रॅकवर ड्रायव्हर डॉन गार्लिट्सच्या गाडीची ट्रान्समिशन फुटली आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. पुढच्याच वर्षी तो इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन आला, जिंकू लागला, आणि बघता बघता सगळे त्याच्या मागे गेले.

दुसरा प्रकार गॅसर. रस्त्यावरच्या गाडीचं अंग, दारं, छप्पर सगळं जागेवर, पण आत शर्यतीचं इंजिन आणि टाकीत पेट्रोल. पहिल्या मॉडेलला मी गॅसरच सुचवीन. स्लिंगशॉटमध्ये पार्ट कमी दिसतात म्हणून नवखे तिकडे वळतात, पण तिथे लपवायला अंगच नसतं. प्रत्येक सांधा उघडा. गॅसरमध्ये छपराखाली बरंच खपून जातं.

आणि गॅसर म्हटलं की १९४१ ची विलीज कूपे. लहान, हलकी, तरी नाकात मोठं व्ही-एट इंजिन कोंबता येईल अशी. स्टोन, वूड्स अँड कुक या टीमची निळी विलीज आणि ‘बिग जॉन’ मॅझमॅनियनची लाल विलीज यांच्यातली चुरस त्या काळी गाजली होती. दोन्हींचे फोटो भरपूर मिळतात, आणि नवख्याला फोटो मिळणं हीच अर्धी मदत असते.

किट आणि माप

अमेरिकन गाड्यांची किट्स, म्हणजे एएमटी, रेव्हेल वगैरे, बहुतेक १/२५ मापात येतात. जपानी किट्स १/२४. फरक चार टक्क्यांचा आहे, तेवढ्याने काय होतं असं वाटेल. पण १/२४ चं इंजिन १/२५ च्या बॉनेटखाली घालायला गेलात की कळतं. चाकांच्या बाबतीत तो फरक खपतो, इंजिनात नाही.

१/२५ ची एक गंमत आहे आणि ती पाठच करून टाका. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला २५ ने भागलं की जवळपास १ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या गाडीवरचा एक इंच तो मॉडेलवर एक मिलिमीटर. जुन्या अमेरिकन नियमपुस्तकांतली सगळी मापं इंचात असतात, ती जशीच्या तशी मिलिमीटर म्हणून वाचायची. विलीजच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर १०४ इंच, तर मॉडेलवर साधारण १०५-१०६ मिलिमीटर. पट्टी हाताशी असली की कॅल्क्युलेटर लागत नाही.

नवं किट बाहेरून मागवावं लागतं आणि किंमत हजारांत जाते. तेवढं खर्चायचं नसेल तर १/२४ ची डायकास्ट गाडी घ्या, खालचे रिव्हेट ड्रिलने उडवा, रंग काढा आणि तिथून सुरुवात करा. धातू कापायला त्रास देतो, पण हात बसतो. अर्धवट जुनं किट कुणी देत असेल तर आनंदाने घ्या. या कामात उरलेला पार्ट फेकत नसतात, डब्यात टाकतात.

इतवारीत, नागपूरच्या जुन्या बाजारात, एक चक्कर

परदेशी हॉबी दुकानांची यादी बघून घाबरू नका. सामान आपल्याकडे आहे, फक्त वेगळ्या धंद्याच्या दुकानांत. सोनारी हत्यारं विकणाऱ्यांकडे बारीक कानशींचा सेट, टोकदार चिमटे, हातड्रिल आणि करवतीची केसासारखी पाती मिळतात. परदेशी ‘मॉडेलिंग टूल’पेक्षा ही हत्यारं अनेकदा चांगली निघतात. लोहाओळीकडे पितळी सळई आणि नळी बघा. मोटर वायंडिंगवाल्याकडून ३० गेजची तांब्याची तार थोडी मागून घ्या, उन्हाळ्याआधी कूलरचे पंप दुरुस्त करायची धांदल असते तेव्हा जाऊ नका, तो बोलणारसुद्धा नाही. गाड्यांच्या रंगांच्या दुकानातून प्रायमर सरफेसर, एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, आणि ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर.

चिकटवायला प्लास्टिक मॉडेलचं पातळ सिमेंट विकतच घ्या. ते प्लास्टिकचे दोन्ही काठ थोडे विरघळवून एकजीव करतं, आणि चॅसीला तोच जोड हवा. ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणारे क्लोरोफॉर्म वापरतात, तो यालाही चालतो असं कुणीतरी सांगेल. चालतो, पण बंद खोलीत त्याचा वास घेत बसायची गोष्ट नाही ती. फेविक्विक धातूच्या बारीक पार्टसाठी ठेवा. काचेजवळ ते आणू नका, काचेवर पांढरट धूर बसतो. काचेला साधा फेविकॉल, सुकला की पारदर्शक होतो.

पहिली पायरी: धुणं आणि खोटी जोडणी

पार्टवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य असतं. भांड्याच्या साबणाने धुवा, नाहीतर रंग धरत नाही. मग काहीही न चिकटवता चॅसी, अंग, चाकं आणि इंजिन मास्किंग टेपने एकत्र बांधून टेबलावर उभं करा. ही गाडी दोन दिवस तशीच समोर ठेवा. जे बसत नाही ते आत्ताच दिसेल.

दुसरी पायरी: उभं राहणं

गॅसरचा सगळा जीव इथे आहे, म्हणून घाई नको.

नाक वर का? गाडी सुटते तेव्हा वजन मागच्या चाकांवर सरकतं. किती सरकेल हे तीन गोष्टींवर ठरतं: गाडीला मिळणारा वेग किती झटक्यात वाढतो, वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे, आणि दोन ॲक्सलमध्ये अंतर किती आहे. त्या काळचे टायर फार पकड देत नसत. मग मेकॅनिकांनी गाडीच उंच केली. पुढचं मूळ सस्पेन्शन काढून तिथे सरळ नळीचा ॲक्सल आणि पाट्याच्या स्प्रिंगा घातल्या. म्हणजे उंच नाक हे ऐट दाखवायला नव्हतं. पण त्याला मर्यादाही होती. एनएचआरएच्या नियमाप्रमाणे क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचा, मध्य जमिनीपासून २४ इंचांहून वर नेता येत नसे. मॉडेलवर झाले २४ मिलिमीटर. आकाशाकडे तोंड केलेले जे गॅसर आपण हल्ली चित्रांत बघतो, त्यांतले कित्येक या मापात नापास होतील.

तेव्हा पितळी नळीचा ॲक्सल कापा, पुठ्ठ्याचे तुकडे रचून त्यांवर चॅसी टेकवा, क्रँकची उंची पट्टीने मोजा आणि मगच स्प्रिंगांचे आधार चिकटवा. पुढची चाकं अरुंद ठेवा, कारण वळायचं नाही, फक्त सरळ जायचं आहे. मागे गुळगुळीत स्लिक्स: त्या काळच्या मोठ्या स्लिकची रुंदी साधारण १० इंच, म्हणजे तुमच्याकडे १० मिलिमीटर. किटच्या टायरवर साच्याची रेघ असते. टायर ड्रिलवर फिरवत ४०० नंबरचा पेपर हलकेच टेकवला की ती रेघ जाते आणि चकाकीही मरते.

चारही चाकं काचेच्या तुकड्यावर टेकतात का ते बघा. तीन टेकतात आणि चौथं हवेत राहतं ही नवख्यांची नेहमीची तक्रार, आणि ती रंगाच्या आधीच सुटते, नंतर नाही. मागे उलटू नये म्हणून लावतात त्या व्हीली बारच्या मोहात पडू नका, ६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाडीवर त्या शोभत नाहीत.

तिसरी पायरी: इंजिन

इंजिन मागे सरकवायची परवानगी होती, पण व्हीलबेसच्या, म्हणजे दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या, १० टक्केच. मोजायचं पुढच्या ॲक्सलच्या रेषेपासून सर्वांत पुढच्या स्पार्क प्लगपर्यंत. विलीजला हे साडेदहा मिलिमीटर पडतं. तेवढं सरकवायचं तर ड्रायव्हरच्या पायांसमोरची भिंत कापावी लागते. कापा. त्यांनीही कापली होती.

वर बसतो तो ब्लोअर. ६-७१ हे नाव ज्या डिझेल इंजिनावरून आलं ते जनरल मोटर्सचं, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घनइंचाचं. ट्रक आणि बसची ही हवा भरायची पेटी हॉट रॉडवाल्यांनी उचलून पेट्रोल इंजिनावर ठेवली. त्यामुळे ती चकचकीत क्रोमची असायलाच हवी असं नाही. किटमधले क्रोम केलेले पार्ट ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, मुलामा निघून जातो. मग मळकट ॲल्युमिनियमचा रंग द्या. एकच सिल्व्हर सगळीकडे फासू नका. ब्लोअरला एक छटा, इनटेकला थोडी गडद, ट्रान्समिशनला त्याहून निस्तेज, एवढ्यानेच इंजिनाला धातूचं वजन येतं. ब्लोअरचा पट्टा तीन मिलिमीटर रुंद, काळ्या कागदी टेपचा चालेल.

इंजेक्टरच्या तोंडांसाठी बॉलपेनची रिकामी रिफिल बघा, तिची जाडी या मापात बरोबर बसते. टोकाला तापवलेला खिळा टेकवून कड किंचित फाकवा.

वायरिंगने मॉडेल जिवंत होतं. खरी प्लग वायर ७-८ मिलिमीटर जाड, २५ ने भागा, ०.३ येतं. ३० गेजची वायंडिंग तार ०.३१५ मिलिमीटर, म्हणजे तुमचं काम झालं. आठ तुकडे कापा, काळा किंवा पिवळा रंग द्या, मॅग्नेटोच्या (प्लगना ठिणगीची वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या) टोपीला ०.४ मिलिमीटरचे आठ छेद पाडून त्यांत बसवा. हेमीत प्लग झाकणाच्या मधोमध असतो, बाजूने नाही, हे विसरू नका. फायरिंग ऑर्डर पाळायची हौस असेल तर ती १-८-४-३-६-५-७-२ अशी आहे. कुणी तपासणार नाही. तरी पाळा, कारण योग्य क्रमाने लावलेल्या तारा जशा एकमेकींवरून जातात तसा गुंता मनाने करता येत नाही.

एक्झॉस्टच्या नळ्या दोन इंचांच्या आसपास, तर तुम्हाला दोन मिलिमीटरच्या जवळची मऊ तार हवी. घराच्या मीटरकडे येते त्या अडीच स्क्वेअरच्या ॲल्युमिनियम सर्व्हिस वायरचा आतला गाभा १.८ मिलिमीटर भरतो आणि बोटाने वळतो. पेन्सिलभोवती वळण द्या म्हणजे चपटा होणार नाही. गॅसरवर या नळ्या चाकाच्या खोबणीतून बाहेर काढत, आणि पुष्कळदा त्यांना पांढरा रंग असे.

चौथी पायरी: अंग आणि रंग

मागची चाकं मोठी झाली म्हणून मडगार्डची कड गोल कापून वाढवलेली असते. टायरपेक्षा किंचित मोठं वर्तुळ टेपवर आखा, आतून थोडं थोडं कापा, शेवटचा मिलिमीटर कानशीने. वजनासाठी पुढचा बंपर काढलेला, तिथे बहुधा गोल ॲल्युमिनियमची छोटी टाकी. बंपरच्या जागेची भोकं पुट्टीने बुजवा.

आता रंग, आणि इथे नागपूर मध्ये येतं. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी स्प्रे मारला तर थेंब गाडीपर्यंत पोहोचायच्या आधीच हवेत सुकतात आणि अंगावर खरखरीत भुकटी बसते. घरात मारू म्हणाल तर कूलर. कूलरने खोलीत एवढा ओलावा भरलेला असतो, की एनसी रंग सुकताना पांढरी धुरी धरतो, शिवाय खसाचे तंतू आणि धूळ. पावसाळ्यात तीच धुरी विनाकूलर मिळते. सर्वांत चांगले दिवस दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे, कूलर बराच आधी बंद करून, गच्चीच्या जिन्यात. थंडीत उलटा उपाय: स्प्रेचा डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. कोमट म्हणजे कोमट, गॅसच्या जवळपास नाही.

गाड्यांचा एनसी थिनर पॉलिस्टायरीन खातो. म्हणून आधी प्रायमरचे पातळ, जवळजवळ कोरडे हात द्या आणि प्रत्येक नवा डबा किटच्या चौकटीच्या तुकड्यावर मारून बघा. प्रायमर सुकला की पाण्यातून १००० चा पेपर, मग रंगाचे तीन-चार पातळ हात. एका जाड हाताने दारांच्या रेघा भरून जातात. बाजारात गणपतीच्या दिवसांत चितार ओळीत जाऊन मूर्तींवर कंप्रेसरचा स्प्रे कसा फिरतो ते उभं राहून बघा. बंदूक मूर्तीवर येण्याआधी सुरू होते आणि पलीकडे गेल्यावर बंद. हाताची ही चाल कुठल्याही व्हिडिओपेक्षा तिथे चांगली कळते.

कँडी रंगाचं सगळ्यांना वेड असतं: खाली सोनेरी किंवा चंदेरी, वर पारदर्शक लाल. दिसतो सुंदर, पण प्रत्येक हाताने गडद होत जातो. बॉनेटला एक हात जास्त पडला तर ते वेगळ्या गाडीचं वाटतं. पहिल्या मॉडेलला सपाट रंग घ्या. कँडी करायचाच असेल तर सगळे सुटे पार्ट एका पट्टीवर शेजारी लावून एकत्र मारा. चमकीची पूड टाळा, खरी चमकी या मापात खड्यांएवढी दिसते.

आठवडाभर सुकू द्या, मग २००० चा पेपर आणि गाडीचं रबिंग कंपाउंड, कडांवर अजिबात जोर न देता.

आतलं काम

यात फार वेळ घालवू नका. एक बकेट सीट, रोल बार, मोठा टॅकोमीटर, तीन मिलिमीटर रुंद कापडी टेपचे पट्टे. मागची सीट, गालिचे, रेडिओ सगळं वगळा, त्यांनी वजनासाठी तेच केलं होतं. काचा किटमधल्या जाड असतील तर ओएचपीच्या पारदर्शक शीटमधून नव्या कापा.

अक्षरं

दारावरच्या मोठ्या नावासाठी रेडियम कापणाऱ्याकडे जा, पण स्टिकर चिकटवायला नको, तो जाड दिसतो. त्याच्याकडून अक्षरं पोकळ कापून घ्या आणि तो साचा म्हणून वापरून रंग मारा. फार बारीक अक्षरं कापताना ब्लेड कागदच उचलतं, त्यांच्यासाठी पाण्यात सुटणारा डेकल पेपर आणि लेझर प्रिंटर. प्रिंटर पांढरा छापत नाही, हे डिझाइन करतानाच लक्षात घ्या.

गाडी तुमच्या मनाची आहे, तर नाव देवनागरीत का नको? त्या काळचे पेंटर हाताने, सावली टाकून, वळणदार अक्षर लिहीत. आपल्याकडच्या जुन्या ट्रकच्या मागे लिहिणाऱ्यांचा हात त्याच जातीचा. जाहिरातींचे बारीक लोगो मात्र सालाशी ताडून घ्या.

वर्गाची अक्षरं, उदाहरणार्थ ब्लोअर असलेल्या गॅसरची ए/जीएस, अनेकदा काचेवर पांढऱ्या बुटाच्या पॉलिशने लिहिलेली असत, शर्यतीच्या दिवशी, घाईत. ती डेकलने छापू नका. तीन शून्याचा ब्रश घ्या आणि पांढऱ्या रंगाने हाताने लिहा. जरा वाकडीच बरी.

ठेवायचं कुठे

किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतील तर त्यातलं तेल वर्षानुवर्षं झिरपतं आणि प्लास्टिकची रिम वितळवतं. उन्हाळ्यात हे लवकर होतं. टायर चढवण्याआधी रिमवर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा, आणि चाकं टेकतात तिथे काचेचा तुकडा ठेवा, रंगवलेला पाट नको. पॉलिस्टायरीन १०० अंशांजवळ मऊ पडतं, पण ताणाखालचे बारीक पार्ट, विशेषतः पुढच्या ॲक्सलच्या स्प्रिंगांचे आधार, त्याच्या बरेच आधी वाकू लागतात. म्हणून मॉडेल पश्चिमेच्या खिडकीत नको, आणि मे महिन्यात मित्राला दाखवायला नेताना कारच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. डबा सीटखाली, सावलीत.